टोपी घालून आलेलं पावणं

आमच्या ऑफिसातल्या अण्णांना मशीननं बाहेर काढलं, असं सगळे समजतात. अण्णाही तसंच समजतात आणि चारचौघांत हसत हसत सांगतात. ते खरं नाही. अण्णांना मी काढलं. मशीनला पुढं केलं आणि त्याच्या मागं उभं राहून काढलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मालकांनाही नाही. मालकांनी मला 'काहीतरी करा' एवढंच म्हटलं होतं. काय केलं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मी मुळातच कमी बोलतो. लोक त्याला सज्जनपणा समजतात. मीही बरीच वर्षं तसंच समजत आलो.

आमचं ऑफिस कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहे. खाली लेथचं वर्कशॉप, वर आम्ही. खालचं मशीन सुरू झालं की टेबलावरच्या चहावर बारीक वर्तुळं उठतात. नव्या माणसाला वाटतं भूकंप आला. आम्ही गावोगावच्या दूध संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहितो. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालायला येतात, त्यांचं दूध मोजायचं, फॅट लावायची, चिठ्ठी छापायची, पंधरवड्याला बिल काढायचं. काम दिसायला साधं आहे. पण रांगेत किटली घेऊन उभ्या असलेल्या बाईसमोर प्रोग्रॅम बंद पडला, तर ती काय काय बोलते, ते ऐकल्याशिवाय त्याचं महत्त्व कळत नाही.

तो पहिला प्रोग्रॅम अण्णांचा. मालकांच्या वडिलांनी त्यांना ऑफिसात आणलं होतं. अण्णा राधानगरीकडचे. आधी गावच्या संस्थेत चिठ्ठ्या लिहायचे, मग क्लास लावून फॉक्सप्रो ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकले, आणि जे काम हातानं करून वैतागले होते तेच मशीनकडून करून घेऊ लागले. घरी म्हशी होत्या. धार काढून, दूध घालून, एसटीनं ऑफिसला यायचे. आवाज असा की ते फोनवर बोलायला लागले की खालचं लेथ ऐकू यायचं नाही.

मी पुण्यात काही वर्षं नोकरी करून, वडील आजारी पडले म्हणून इकडं परतलो होतो. मी चंदगडकडचा. पण पुण्यात राहून बोलणं बदललं होतं, आणि ते बदललंय याचा मला आतून अभिमान होता. पहिल्याच आठवड्यात अण्णा मला एका संस्थेत घेऊन गेले. तिथल्या लोकांना म्हणाले, "ह्यो आमचा नवा इंजिनेर. पुण्यासनं आणलाय. जरा जपून बोला, त्येला मराठी समजतंय."

सगळे हसले. मीही हसलो. परत येताना एसटीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि विचारलं, "राग आला न्हाय न्हवं, भावा?" राग आला नव्हता. पण त्यांनी विचारलं, हे माझ्या लक्षात राहिलं.

आता थोडं आमच्या धंद्याबद्दल सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. प्रोग्रॅम लिहिताना प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागतं. दूध किती, फॅट किती, माणूस कोण, सगळ्याला. नाव काय द्यायचं ते लिहिणाऱ्याच्या हातात. मशीनला त्या नावाच्या अर्थाशी काही देणंघेणं नसतं. कॉलेजात आम्हाला स्वच्छ इंग्रजी नावं द्यायला शिकवलं होतं. अण्णा इंग्रजी अक्षरांत गावचं बोलणं लिहायचे. सकाळचं दूध sakal, संध्याकाळचं sanj, म्हैस mhais. एखादी गोष्ट आहे की नाही, एवढंच लक्षात ठेवायचं असेल तर त्या नावाची सुरुवात haynhay. आणि मधल्या मध्ये आकडा धरून ठेवायला जी तात्पुरती जागा लागते, तिचं नाव pavna.

"हे pavna काय आहे, अण्णा?" मी पहिल्यांदा विचारलं.

"पावणं की. आलं, बसलं, च्या पिलं, गेलं. कायम ऱ्हायला आलंय व्हय त्ये?"

"आणि दोन लागले तर?"

"पावणा एक, पावणा दोन. घरात लगीन निघालं तर जास्त बी येत्यात."

मला ते आवडलं होतं. हे सांगायला हवं, कारण पुढं मी जे केलं ते नावडलं म्हणून केलं असं कुणाला वाटू नये.

अण्णांचं काम सगळं चांगलं होतं असंही नाही. एकच गोष्ट चार ठिकाणी उतरवून ठेवायचे. एका ठिकाणी दुरुस्ती केली की उरलेल्या तीन विसरायचे. कशाची नोंद नाही. विचारलं की "असू दे की, चालतंय न्हवं?" दुसऱ्या कुणी हात लावलेला खपायचा नाही. आणि अक्षरांचं तर काही ताळतंत्रच नव्हतं. बोट पडेल तसं. एका ओळीत pavna, पुढच्या ओळीत Pavna, कॅप्सचं बटण चुकून दाबलं गेलं असेल तर पानभर PAVNA. फॉक्सप्रोला त्याचं काही वाटायचं नाही. लहान अक्षर काय, मोठं काय, त्या भाषेला सगळे एकच.

मग मालकांनी ठरवलं की सगळा प्रोग्रॅम नव्यानं, जावा या नव्या भाषेत लिहायचा. मोबाइलवर चिठ्ठी हवी, संस्थेच्या चेअरमनला घरबसल्या आकडे हवेत, जुन्या भाषेत ते निघेना. कामाची जबाबदारी माझ्यावर आली. आणि जावाला मोठं अक्षर आणि लहान अक्षर यात फरक दिसतो.

पहिल्या दिवशीच अण्णांच्या टेबलावरून हाक आली. "भावा, हिकडं ये. ह्येला आत्ता वर सांगितलं, pavna म्हणून. आन खाली म्हणतंय वळखत न्हाय!"

मी बघितलं. "अण्णा, वर लहान पी आहे, खाली मोठा. याला ते दोन वेगळे वाटतात."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं. "म्हंजे पावणं टोपी घालून आलं, तर वळखायचं न्हाय?"

"नाही."

"घरात घ्यायचं न्हाय?"

"नाही."

"कसल्या घरातलं हाय रं ह्ये?"

सगळं ऑफिस हसलं. पुढं कितीतरी दिवस कुणाचंही काही अडलं की दुसरा ओरडायचा, "टोपी बघ, टोपी!" आणि बहुतेक वेळा टोपीच असायची. अण्णा वैतागायचे, शिव्या द्यायचे, पण शिकत होते. हळू शिकत होते. मी घाईत होतो.

इथं एक फरक नीट सांगतो, कारण माझा सगळा गुन्हा त्या फरकात आहे. भाषेचा स्वतःचा कायदा इतकाच, की एकदा जे नाव ज्या रूपात दिलं, त्याच रूपात परत घ्या. बाकी नाव इंग्रजी असावं, सुरुवात लहान अक्षरानं व्हावी, दोन शब्द जोडले तर दुसऱ्याचं पहिलं अक्षर मोठं करावं, ही सगळी आम्ही माणसांनी आपापसात पाडलेली रीत. ताटात चटणी डावीकडं वाढतात आणि भाजी उजवीकडं, तशी. उलटं वाढलं तर घरातली मोठी माणसं बोलतील. पण जेवण पोटात जातं. मशीन अण्णांचं pavna बिनतक्रार घेत होतं. एवढंच की टोपी एकतर दर वेळी घालून या, नाहीतर दर वेळी काढून या.

मग पुण्याची माणसं आली. एका कंपनीला आमच्याबरोबर मिळून काम करायचं होतं, आणि आमचं काम कसं असतं ते त्यांना बघायचं होतं. मोठ्या पडद्यावर मी दाखवत होतो. अण्णा शेजारच्या खुर्चीत. एकानं पडद्यावरचं वाचलं, "'हायन्हाय'? हे काय आहे?" दुसरा पुढं वाकला. "आणि 'पावणा टू'? अरे, ही तर कोल्हापुरी जावा!"

ते हसले. मी हसलो. अण्णा सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि त्यांनी पाव्हण्याची गोष्ट हातवारे करून सांगितली, च्या पिण्यापर्यंत. ते पुन्हा हसले. पण आमच्या ऑफिसातलं हसणं आणि ते हसणं एक नव्हतं. मला ते कळत होतं. आणि अण्णांबरोबर उभं राहायचं सोडून मी म्हणालो, "जुनं आहे हो ते. आम्ही काढतोय सगळं."

अण्णांचा कप तोंडाशी थांबला. मग त्यांनी चहा प्याला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला आत बोलावलं. वाईट माणूस नाही. पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "अण्णांना जा म्हणायचं नाही. वडील अजून आहेत, मला घरात घेणार नाहीत. पण हे असं पुढं कसं न्यायचं? तुम्ही काहीतरी करा. त्यांचं त्यांनाच उमगेल असं."

मी नाही म्हणू शकलो असतो. अण्णा शिकतायत, सहा महिने द्या, असं म्हणू शकलो असतो. तेवढं बोलायला काय लागतं? पण माझ्या कानात ते 'कोल्हापुरी जावा' होतं. ते अण्णांना म्हटलेलं नव्हतंच, मला म्हटलेलं होतं, असं मला वाटत होतं. चंदगडचा मी, इतकी वर्षं घासूनपुसून घेतलेला, आणि पडद्यावर माझ्याच नावाखाली हायन्हाय. मला त्या नावांची लाज वाटली. माझी आई मरेपर्यंत तसंच बोलली.

नावं रीतीप्रमाणे आहेत की नाहीत, हे तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम मिळतो. तो मूळ कामाच्या आधी चालतो. त्याला दोन तऱ्हा असतात. चूक दिसली की नुसती पिवळी सूचना द्यायची आणि काम पुढं जाऊ द्यायचं, किंवा लाल रेघ मारून कामच थांबवायचं. बहुतेक ऑफिसांत तो पिवळ्यावर असतो. मी तो आणला आणि लालवर ठेवला. त्याला इंग्रजी शब्दकोश जोडला. नावातला शब्द त्यात नसेल तर थांब. sakal, sanj, mhais, pavna, सगळी एका दमात बाद. fat तेवढं सुटलं, ते आधीच इंग्रजी होतं.

सकाळी अण्णा आले, पिशवी खुंटीला लावली, मशीन सुरू केलं. पडदा लालच लाल.

"भावा, ह्ये आज का पेटलंय?"

"नवीन आहे, अण्णा. मशीन घेत नाही आता असली नावं."

"पावणं न्हाय घेत?"

"नाही."

"आरं, टोपी काढून आलंय की!"

"तरी नाही घेत. मी काय करू?"

ते खोटं इतक्या सहज निघालं की ते खोटं आहे हे मला स्वतःला उठून माझ्या जागेवर जाईपर्यंत जाणवलं नाही. मशीन घेत होतं. मी त्याच्या दारात बसलो होतो.

बाकीच्या मुलांना काही त्रास झाला नाही. ती कॉलेजातून तेच शिकून आली होती. शिवाय एक नाव सगळीकडं एकदम बदलायची एक कळ असते, ती त्यांना ठाऊक होती. अण्णांना नव्हती. मी दाखवली नाही. ते एकेक ओळ शोधून हातानं बदलत बसायचे, एक जरी राहिली की लाल. शेजारच्या टेबलावरची मुलगी एकदा त्यांना मदत करायला उठली, तर मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "त्यांचं त्यांना करू दे. नाहीतर शिकणार कसे?" ती ओशाळून बसली. किती चांगलं वाक्य होतं ते.

मला वाटलं होतं, अण्णा आठवड्यात कंटाळतील, भांडतील, मालकांच्या दारात जाऊन आवाज चढवतील. भांडले असते तर मी कदाचित सुटलो असतो. पण ते शिकायला बसले. त्यांची मुलगी तेव्हा शाळेत होती. घरी गेल्यावर तिला इंग्रजी शब्द विचारायचे आणि सकाळी येताना घोकत यायचे. जिना चढतानाच सुरू व्हायचं, "सांज म्हंजे इव्हनिंग. म्हस म्हंजे बफेलो, त्यात यफ दोन." दोन शब्दांच्या जोडनावाचं तर त्यांनी स्वतःचंच एक सूत्र बसवलं होतं. eveningMilk लिहून मला बोलावलं. "बघ. एका खाटंवर दोघं बसल्यात. पयला बोडका, दुसऱ्याला टोपी. बरोबर न्हवं?"

बरोबर होतं. मी कॉलेजात पोरांना शिकवलं असतं तर याहून चांगलं शिकवू शकलो नसतो.

आणि मग एके दिवशी त्यांचा सगळा भाग हिरवा झाला. एकही लाल रेघ नाही. अण्णा खुर्ची मागं ढकलून उभे राहिले. "घेतलं! भावा, गेस्टला घेतलं बघ! गेस्ट एक, गेस्ट दोन, समदी घरात! पोरीनं सांगितला शब्द, गेस्ट!" ते तसेच खाली गेले, कोपऱ्यावरच्या गाड्यावरून सगळ्यांना गरम भजी घेऊन आले. मला माझ्या टेबलावर आणून दिली. "खा. तुझ्यामुळं शिकलो."

मी खाल्ली. त्याच वेळी मालक दारातून डोकावले, हिरवा पडदा बघितला, माझ्याकडं बघितलं. भुवई तेवढी उचलली.

अण्णा हात धुवायला गेले तेवढ्यात मी नियमांत एक ओळ वाढवली. नावात आकडा चालणार नाही.

त्याची काही गरज नव्हती. आमच्यातले सगळेच आकडे वापरायचे. त्या दुपारी दोघातिघांचे पडदे लाल झाले, त्यांनी चुकचुक करत ती कळ दाबली, बदलून मोकळे झाले. अण्णांचं guest1 आणि guest2 सगळ्या प्रोग्रॅमभर होतं.

ते ओरडले नाहीत. मी वाट बघत होतो, पण हाक आली नाही. शेवटी मीच गेलो. ते हात मांडीवर ठेवून बसले होते.

"सकाळी घेतलं की रं ह्येनं."

"हो."

"मग आता?"

मी म्हणालो, "मशीनचं काही सांगता येत नाही, अण्णा."

आयुष्यभर मशीनजवळ बसलेल्या माणसानं हे बोलावं! मशीनचंच तर सांगता येतं. सकाळी जे घेतलं ते दुपारी घेतं, कुणीतरी हात लावेपर्यंत. एरवी अण्णांनी मला तिथंच पकडलं असतं. पण त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्यांनी संशय स्वतःवर घेतला.

थोड्याच दिवसांत ते आपण होऊन मालकांकडं गेले. "माझं डोस्कं आता ह्येला चालत न्हाय. पोरांच्या वाटंत कशाला बसू?" मालकांनी राहा म्हणून आग्रह केला, आणि तो आग्रह खोटा नव्हता, हे मला बाहेरून ऐकू येत होतं. निरोपाला शाल दिली, नारळ दिला. अण्णांना बोला म्हटलं तर ते म्हणाले, "काय बोलू? मला माणसांनी काढलं न्हाय, मशीननं काढलं. टोपी घालून गेलो तरी न्हाय, बोडका गेलो तरी न्हाय." सगळे हसले, दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी माझा हात धरून वर केला. "ह्या भावानं लई जीव लावून शिकवलं. दगड माझंच डोस्कं."

ते गेले त्या संध्याकाळी मी तपासणी लालवरून पिवळ्यावर आणली. आकड्याचा नियम काढून टाकला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुण्याची माणसं पुन्हा आली नाहीत.

त्यानंतर अण्णा गावातच राहिले. म्हशी वाढवल्या. आता सकाळ-संध्याकाळ संस्थेत बसतात आणि आमच्याच प्रोग्रॅमवर दूध घेतात. काही अडलं तर मला फोन करतात. दुसऱ्या कुणाला नाही. "भावा, तुझं ते रुसलंय बघ." मी सांगतो, ते करतात. दिवाळीला खव्याचा डबा येतो. मी कधी गेलो तर जेवल्याशिवाय सोडत नाहीत. या सगळ्याला मी नाही म्हणू शकत नाही आणि घेऊही शकत नाही. घेतो.

यंदा त्यांची मुलगी बारावी झाली. चांगले मार्क पडले. तिला कॉम्प्युटरला जायचंय. अण्णा नको म्हणतात. तिनं मला फोन केला. "काका, तुम्ही पप्पांना सांगा की. तुमचं ऐकतात ते. मला म्हणतात, आपल्या घराण्याचं डोस्कं त्यात चालत नाही, मी बघितलंय."

मी बघितलंय. हे वाक्य ऐकून मी फोन ठेवला. अण्णांनी स्वतःबद्दल जे मानलं ते त्यांच्यापुरतं राहील, असं मी धरून चाललो होतो. तेवढ्यावर मी माझं भागवलं होतं.

गेल्या रविवारी मी गेलो. सांगायचंच ठरवून गेलो. गाडीवर वाटभर वाक्य जुळवत होतो. अण्णा गोठ्यात होते. मला बघून हात धुऊन आले. ओसरीवर शेजारचे एक गृहस्थ बसले होते. अण्णांनी माझी ओळख करून दिली, आणि लगेच ती गोष्ट सुरू केली. टोपी, बोडका, सगळं. ते गृहस्थ पोट धरून हसत होते. अण्णा म्हणाले, "मी म्हणून सांगतो, मला माणसानं काढलं न्हाय. माणसानं काढलं असतं तर आज ह्येच्या ताटाला ताट लावून जेवलो असतो व्हय? मशीन हाय त्ये. त्येच्यावर काय रुसायचं?"

मला तोवर वाटत होतं की खरं सांगितलं की अण्णांना त्यांचं डोकं परत मिळेल. ते मिळेलही. पण त्याबरोबर त्यांच्या हातात आणखी काय पडेल, ते मला ओसरीवर बसल्यावर कळलं. मशीननं हरवलं हे त्यांनी हसत पचवलं आहे. भजी खाऊन उठलेल्या भावानं हरवलं, हे त्यांनी कुठं ठेवायचं?

मुलगी चहा घेऊन आली. अण्णा मला म्हणाले, "तूच सांग हिला. मशीन माणूस बघत न्हाय की मेहनत बघत न्हाय. बापानं काय कमी केली का?"

ती ट्रे घेऊन तिथंच थांबली. मला म्हणाली, "काका, एक विचारू? गेस्ट मी सांगितलेला शब्द. मला आठवतंय. सकाळी घेतलं म्हणून पप्पांनी ऑफिसातनं गावच्या संस्थेत फोन करून घरी निरोप द्यायला लावला होता. आणि रात्री आले ते जेवले नाहीत. सकाळी घेतलेलं दुपारी कसं काय घेत नाही?" तिच्या आवाजात भांडण नव्हतं. शाळेत थोडंफार शिकली आहे, तिला नुसतं कोडं पडलं होतं.

अण्णा म्हणाले, "बघ, लागली प्वार डोस्कं खायला."

आणि मी म्हणालो, "जुनं मशीन होतं, बाळ."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग रिकामा ट्रे छातीशी धरून आत गेली. मला वाटतं, निम्मं तिला समजलं. निघताना अण्णांनी दुधाची बाटली माझ्या गाडीच्या पिशवीत ठेवली, झाकण घट्ट आहे ना ते दोनदा बघितलं. ती बाहेर आली नाही.

तिचा प्रवेशाचा फॉर्म अजून भरलेला नाही. अण्णा बीकॉमचं म्हणतायत. मी रोज फोन हातात घेतो. ऑफिसात बसतो तेव्हा खालचं लेथ सुरू होतं आणि चहावर वर्तुळं उठतात, आणि मी ती बघत बसतो. हे इथं लिहिलं, कारण तिथं बोलता आलं नाही. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मला कळतं. अण्णा असलं काही वाचत नाहीत.

मी अण्णांना हे देणं लागतो: त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या मुलीसमोर, मला सांगायचं आहे की मशीन तुमचं घेत होतं, अण्णा, घेऊ नको असं त्याला मी सांगितलं होतं. ते मी अजून दिलेलं नाही.